दहा किलो वजन, दोन दिवस

सॅन अँटोनियो
शनिवार, १७ मे २००८

रामिरो,

मंगळवारी, १३ मे रोजी, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी तुझ्या बापाने पेट घेतला. वेळ अंदाजाने सांगत नाही. मी त्याच क्षणी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चाळीस वर्षं कोर्टात लोकांच्या जबान्या टाइप केल्या की ही सवय हाडात जाते. घर जळत असलं तरी आधी वेळ बघायची.

लॅपटॉप तूच पाठवलेला होता, तुझ्या पालो ड्युरो कॉम्प्युटर्सचा. स्वयंपाकघरात टेबलावर होता. नुसता ठेवलेला होता. आधी फुसकारा आला, मग गोडसर, नखं रंगवायच्या रंगासारखा वास, आणि मग बाजूने निळ्या-पांढऱ्या ज्वाळेचा फवारा. मी मूर्खासारखा हात पुढे केला. तुझा बाप मागच्या अंगणातून धावत आला आणि त्याने मला असं ढकललं की मी फ्रिजवर आपटले. खांदा अजून काळानिळा आहे. शेजारची नेल्डा खिडकीतून हे बघत होती. ती ओरडली, "तेयो, मेल्या, सत्तरी उलटली तरी बायकोवर हात टाकतोस? थांब, पोलिसांना बोलावते!"

तोवर त्याने ते जळतं यंत्र उचलून छातीशी धरलं होतं. पडद्याला आग लागली होती, गॅस दोन हातांवर होता. मागच्या दारापर्यंत सात पावलं. त्या सात पावलांत बॅटरीतले सेल एकामागून एक फुटले. मी मोजले, सहा. प्रत्येक फुटला की तो हुंकार द्यायचा, पण सोडलं नाही. अंगात नायलॉनचा सदरा होता. तो वितळून कातडीत गेला. अंगणात त्याने यंत्र फेकलं तेव्हा तळहाताचं कातडं त्याच्याबरोबर गेलं. नेल्डाने बागेची नळी त्याच्यावर धरली आणि ती पाणी मारता मारता देवाच्या आईपासून तुझ्या कंपनीच्या आईपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होती.

दोन्ही हात, छाती, हनुवटी. भाजलेल्यांच्या विभागात आहे. जगेल म्हणतात.

तू दीड वर्षात त्याचं नाव काढलेलं नाहीस, तेव्हा मी तुझ्याकडून त्याच्यासाठी काही मागत नाही. मला एकच काम हवं आहे. तुझ्या कंपनीच्या त्या पानावर, जिथे ग्राहक सूचना लिहितात आणि बाकीचे ग्राहक त्यांना मतं देतात, तिथे ४११७ क्रमांकाची सूचना आहे. उत्तर टेक्सासमधल्या, पॅनहँडलकडच्या कुणा शहाण्याने लिहिलेली. 'बॅटरी फुगून लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो? दहा किलो वजन, दोन दिवस. चपटी होते, पैसे वाचतात.' मतं चारशे बारा. खाली कंपनीच्या पसंतीचा हिरवा तारा आणि उत्तर: 'छान कल्पना! आभारी आहोत. रामिरो सी., ग्राहक-सूचना विभाग.'

त्याच पानावर २ एप्रिलला मी लिहिलं होतं, पूर्ण नावानिशी, ऑर्टेन्सिया काव्हासोस: 'फुगलेली बॅटरी कंपनीने काहीही न विचारता बदलून द्यावी आणि तसं प्रत्येक ग्राहकाला कळवावं.' मला नऊ मतं मिळाली, त्यातलं एक नेल्डाचं. ९ एप्रिलला माझी सूचना बंद झाली. 'अशीच सूचना आधी आलेली आहे. कृपया ४११७ पाहा. रामिरो सी.'

अशीच? मी म्हणते विष काढा, तो म्हणतो दाबून बसवा, आणि तुला दोन्ही एकच वाटलं?

माझी सूचना लिहिण्याआधी मी तुमच्या मदत-क्रमांकावर फोन केला होता. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलंत का?"

"अगं, ते फुगलंय. तुला गळू झालं तर तू डोळे मिटून पुन्हा उघडतेस का?"

"मॅम, आमच्या सूचनांच्या पानावर ग्राहकांनी फार चांगले उपाय दिले आहेत."

म्हणजे तिनेही मला तिथेच पाठवलं.

ती सूचना काढ. आज काढ. चारशे बारा लोकांच्या टेबलावर हा जाळ बसलेला आहे.

ऑर्टेन्सिया काव्हासोस


गुरुवार, २२ मे २००८

रामिरो,

परवा तुझा फोन आला, वीस तारखेला सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. दोन मिनिटांत संपला. तू काय बोललास ते मी लगेच टिपून ठेवलं, ते असं:

"अमा, काढली ती सूचना. झालं समाधान?"

"काढली म्हणजे?"

"म्हणजे आता ती नाही. कधी नव्हतीच असं समज."

"मग ज्यांनी आधीच वजन ठेवलंय त्यांना कोण सांगणार?"

"ते वकील बघतील. मला यावर बोलायची परवानगी नाही."

"बोलू नकोस, लिहून दे. मी तारा दिला, ती चूक होती, वजन ठेवू नका. तीन वाक्यं."

त्यावर तू हसलास. हे हसणं मी ओळखते, तुझ्या बापाचं आहे. मग म्हणालास, "लिहून? अमा, तू काय लिहून दिलेलंस ते मला पाठ आहे. 'मुलगा पायरीवरून पडला.' खाली सही, तारीख, वेळ. टायपिंगची एक चूक नव्हती." आणि फोन ठेवलास.

तो विषय वेगळा आहे. त्याबद्दल मी आत्ता बोलणार नाही.

मी पान उघडून पाहिलं, नेल्डाच्या घरी, कारण माझ्याकडे आता यंत्र नाही. ४११६ नंतर एकदम ४११८. सिस्टर पर्पेच्युआ आम्हाला शाळेत शुद्धलेखन शिकवायची. चुकलेलं पान कुणी वहीतून फाडलं तर ती फाडणाऱ्या हातावर पट्टीने असं मारायची की रक्त यायचं. चुकीबद्दल नाही, फाडल्याबद्दल. चुकीवर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, आणि दोन्ही दिसलं पाहिजे. त्या बाईचा मी साठ वर्षं तिरस्कार केला. आज ती तुझ्या कचेरीत असती तर मी पट्टी आणून दिली असती.

तू सूचना फाडलीस. माझ्याकडे तिची छापील प्रत आहे, तारा आणि तुझ्या नावासकट. मी तुझं उत्तर असलेलं प्रत्येक पान छापून घ्यायचे. तुला हे माहीत नसेल. जानेवारीत मी तुला "आता विसरून जा ना" म्हणाले आणि तू रविवारचे फोन बंद केलेस. तेव्हापासून मी रोज सकाळी कॉफी घेऊन ते पान उघडत असे. झाकणाला रंग द्या, वायर लांब करा, कळफलकावर उजेड द्या, लोक काय काय मागायचे, आणि तू प्रत्येकाला उत्तर द्यायचास. 'आभारी आहोत. कळवतो. बघतो.' मला उत्तर नव्हतं, पण तू जिवंत आहेस, कामावर आहेस, आज जरा चिडलेला आहेस, एवढं समजायचं. तुझा बाप दारात उभा राहून विचारायचा, "आज काय म्हणतोय तुझा साहेब?" मी वाचून दाखवायचे. तो "हं" म्हणून बागेत जायचा.

काल त्याची उजव्या हाताची चार बोटं काढली. अंगठा वाचला. रोज सकाळी मेलेलं कातडं खरवडतात. औषध देतात, तरी तो असा ओरडतो की बाहेरच्या बाकावर मी कानांवर पर्स दाबून बसते. शुद्धीवर आला की मात्र जीभ शाबूत. काल म्हणाला, "म्हातारे, आता कुणाला बुकलायचं असलं तर तुझा हात उसना घ्यावा लागणार."

"माझा हात तुझ्या दवाखान्याच्या कागदांवर सह्या करण्यात गुंतलाय," मी म्हटलं.

तुझ्या कंपनीकडून कुरिअर आलं. नवा लॅपटॉप, लाल रंगाचा. सोबत एक कागद: 'आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाच तारे.' मी तो लॅपटॉप नेल्डाच्या कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे, उघड्यावर ठेवला आहे. कोंबड्या घाबरल्या आहेत.

सूचना परत लाव. तिच्यावर ठळक अक्षरात लिही की हे करू नका, केलं असेल तर यंत्र घराबाहेर न्या. खाली तुझं नाव घाल.

ऑ. का.


बुधवार, २८ मे २००८

रामिरो,

काल दुपारी सात नंबरच्या खाटेवर एक मुलगी आली. मारिसेला ओल्गीन, कॉर्पस क्रिस्टीची, वय तेवीस, नर्सिंग शिकते. चेहऱ्याची डावी बाजू आणि डोळा. डोळा गेला. तिची आई बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. मी काही विचारलं नव्हतं. ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलत होती.

"कॉम्प्युटर फुगला होता हो. हिने इंटरनेटवर वाचलं, वजन ठेवा. पुस्तकं ठेवली, मोठमोठी, शरीरशास्त्राची. रविवारी मला म्हणाली, मम्मी, दोन दिवस ठेवायचं होतं की चार, आठवत नाही, बघते. बघायला गेली तर ते पानच नाही. मग म्हणाली, राहू दे अजून दोन दिवस, जास्त ठेवल्याने काय बिघडणार आहे."

ही तारीख नीट लिहून घे. रविवार, २५ मे. तू सूचना काढलीस वीसला. तुझ्या इशाऱ्याची तीन वाक्यं तिथे असती तर त्या मुलीने रविवारी ती वाचून पुस्तकं उचलली असती. ती मुद्दाम बघायला आली होती, रामिरो. तिने दार वाजवलं, आणि तू घराचा नंबरच काढून टाकला होतास.

त्या आईने मला विचारलं, "तुमच्याकडे कसं झालं?" मी तोंड उघडलं, आणि पंधरा दिवस सांगत आलेय तेच ओठांवर आलं, 'टेबलावर नुसता ठेवला होता.' मला ते बोलता आलं नाही. मी उठून तिथून निघाले.

आता लिहिते. रविवार, ११ मे, मातृदिन. तुझा फोन येईल म्हणून वाट बघत मी सकाळपासून ते यंत्र उघडून बसले होते. आला नाही. यंत्र टेबलावर डुगडुगत होतं, झाकण नीट मिटत नव्हतं. मी तुझं तारा दिलेलं पान पुन्हा वाचलं, तू तारा दिलास म्हणजे असेल बरोबर असं म्हटलं, आणि आतून माझ्या आईचा पाटा आणला. मका दळायचा, लाव्हादगडाचा, तीन पायांचा. तुला उचलायला दिला होता तेव्हा तू पायाच्या अंगठ्यावर पाडून घेतला होतास, तोच. चौदा किलो आहे. दहा म्हटलं होतं, मी चौदा ठेवले. बायबल आणि शब्दकोश मिळून सहाच भरत होते. लॅपटॉपवर टॉवेलची घडी घातली आणि वर पाटा, तीन पायांवर उभा. तिन्ही पायांखाली तेवढ्याच जागी सगळं वजन. हे चुकतंय एवढी बुद्धी मला का झाली नाही? कारण आपल्या घरी जे फुगतं, सुरकुततं, वाकतं, त्यावर पाटा ठेवतात. चीजवर ठेवतात, पडद्याच्या कापडावर ठेवतात. माझी आई ठेवायची, मीही आयुष्यभर तेच केलं.

दोन दिवस होता होता लॅपटॉप फुटला.

एकोणीस तारखेला तुमच्या कंपनीचे वकील मिस्टर व्हिटकोम दवाखान्यात आले होते. गुळगुळीत माणूस, बुटांना आवाजसुद्धा नाही. "मिसेस काव्हासोस, यंत्रावर कुणी काही ठेवलं होतं का?" मी म्हटलं, "नाही." सवय. पुढे विचारलं, "ती सूचना तुम्ही पाहिली होती का?" म्हटलं, "नेल्डाने सांगितलं." छापील प्रत मागितली तर दाखवली, पण खालचा कोपरा आत दुमडून. तारा दिसत होता, तुझं नाव दिसत नव्हतं. त्यांना तुझं नाव माहीत असणारच, त्यांच्याच कचेरीतला आहेस. पण माझ्या हातून ते दिलं जाऊ नये, एवढंच मला सुचलं. घरच्या माणसाचा गुन्हा दिसला की माझी बोटं आपोआप कागद दुमडतात.

हे मी तेयोला आज सांगितलं. त्याला माहीतच होतं. "पाटा मीच तर आधी फेकला," तो म्हणाला. "माझ्या पायावर पडला असता तर बरं झालं असतं, पायाला इथे कुणी खरवडत नाही."

"मग पंधरा दिवस गप्प का बसलास?"

"तू माझ्यासाठी बसली होतीस ना."



अमा


सोमवार, २ जून २००८

रामिरो,

सोबत दोन जबान्या पाठवते आहे. मूळ प्रती माझ्याकडे आहेत. शपथेवर केलेल्या आहेत, नोटरी दवाखान्यात आला होता.

पहिली पाट्याची. कोणत्या दिवशी, किती वजन, किती वेळ, कुणाच्या सल्ल्यावरून, आणि मी व्हिटकोमना काय खोटं सांगितलं. तो म्हणेल की चूक ग्राहकाचीच. म्हणू दे. चूक माझी आहेच. तुमचीही आहे, आणि माझी लपवून मला तुमची दाखवता येणार नाही.

दुसरी २४ डिसेंबर २००६ ची. त्यात असं लिहिलं आहे: दुपारी साडेतीन वाजता, अंगणात, मक्याच्या पिठाचे तामाले वाफवायला चूल मांडली होती तिथे, मुलगा बापाला म्हणाला, "आजपासून अमावर हात उचललास तर मी तुझा हात मोडेन." बापाने जवळचा नळाचा मोठा पाना उचलून मुलाला मारला. पहिला घाव चुकला, चुलीवरचं भांडं उलटलं. दुसरा लागला, डावी बाजू. गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मुलगा गुडघ्यांवर पडला तरी बापाने तिसऱ्यांदा पाना उगारला होता, तो नेल्डाने मागून धरला. मी मध्ये पडले नाही. मी आत गेले, पोलीस आले तेव्हा बाहेर आले, आणि मुलगा पायरीवरून पडला असं लिहून दिलं. पोलिसांनी मुलाला विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो "हो" म्हणाला.

हे तू माझ्यासाठी बोललास. आणि मग ऑस्टिनला निघून गेलास, मोडक्या हाडानिशी, स्वतः गाडी चालवत.

ही जबानी सही करण्याआधी मी त्याला खाटेजवळ बसून मोठ्याने वाचून दाखवली. पलीकडे मारिसेलाची आई होती. नोटरी होता. ऐकू दे म्हटलं सगळ्यांना. तो डोळे मिटून पडला होता. मला वाटलं ओरडेल, किंवा झोपेचं सोंग करेल. वाचून संपलं तर म्हणाला, "चुकलंय."

"काय चुकलंय? शब्द न् शब्द खरा आहे."

"पाना डाव्या बाजूला लागला होता. तू उजवी लिहिलीयस. नीट कर."

मी 'उजवी'वर एक रेघ मारली, शेजारी 'डावी' लिहिलं, बाजूला माझी सही केली. मग तो नोटरीला म्हणाला, "माझंही नाव घाला खाली. बोटं नाहीत, पण अंगठा आहे." शाई लावून त्याने अंगठा कागदावर टेकवला. जखम अजून ओली आहे, शाईबरोबर थोडं रक्तही उमटलंय. तुझ्या प्रतीवर ते काळंच दिसेल.

यातून तू त्याला माफ करावंस असं मी म्हणत नाही. मीच केलेलं नाही. तो जगला तर आता कोर्टालाही तोंड देईल, असं तो म्हणतो, आणि व्हिटकोमपेक्षा बरा वकील कर असंही म्हणतो.

आता तुझी पाळी. तू मला ऐकवलंस की मी काय लिहून दिलं होतं. हे बघ, खोडून पुन्हा लिहिलं आहे. तू तुझं लिही.

एक: ४११७ ला तारा तू दिलास का, आणि देण्याआधी कुणा जाणकाराला विचारलं होतंस का.

दोन: ९ एप्रिलला माझी सूचना बंद करताना वरचं नाव वाचलं होतंस का. वाचलं होतं तर तसं लिही. नव्हतं वाचलं तरी लिही. मला दोन्ही ऐकवेल.

तीन: वीस तारखेला ४११७ कुणाच्या सांगण्यावरून काढलीस.

आणि चौथं काम, ते प्रश्न नाही. ती सूचना इशाऱ्यासकट परत लाव, अशा जागी की पान उघडताच दिसेल. त्या चारशे बारा लोकांना कंपनीने पत्रं पाठवावीत. सात नंबरच्या खाटेवर जी आहे ती त्यातली एकच. बाकीच्यांच्या टेबलावर अजून काय काय ठेवलेलं आहे ते तुला माहीत नाही, मलाही नाही. यात नोकरी जाईल. जाऊ दे. तुला घर आहे, पडदे जळाले आहेत तेवढेच.

शनिवारी सकाळी वर्तमानपत्राची एक बाई माझ्याकडे येणार आहे. तिला मी माझ्या दोन्ही जबान्या देणार, आणि ते छापील पान उलगडून देणार, खालच्या कोपऱ्यासकट. त्याच्या शेजारी तुझं पत्र ठेवायचं की नुसतं तुझं नाव, हे तू ठरव.

फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की मी तुझ्यासाठी पुन्हा खोटं बोलेन. उत्तर कागदावर, सहीनिशी, तारीख आणि वेळ घालून, शुक्रवार, ६ जून, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

ऑर्टेन्सिया काव्हासोस